बरडीवरचं बोर्दो

वर्गात आल्यावर सर हजेरी घ्यायच्या आधी फळ्यावर दोन रेघा ओढत. एक उजव्या खालच्या कोपऱ्यातून निघून वर डावीकडे जाणारी, दुसरी उजवीकडून येऊन तिला मिळणारी. मग खडूचा हात सदऱ्याच्या डाव्या बाहीला पुसून ते वर्गाकडे वळत आणि विचारत, "पाणी कोठी जाते, ते सांगा आधी."

नकाशा जपानचा असो की जिल्ह्याचा, त्यांचा पहिला प्रश्न हाच. राजधानी, लोकसंख्या, पिकं ही सगळी मंडळी नंतर. दुपारपर्यंत त्यांची डावी बाही कोपरापर्यंत पांढरी झालेली असे आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून रोज एक तरी थट्टा होई. सर ती ऐकून घेत आणि डबा उघडत.

मी त्या शाळेत ग्रंथपाल आहे. अर्जुनी मोरगावला गाडी थांबते, तिथून शाळा पायी पंधरा मिनिटांवर. आमचं ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, सात कपाटं आणि एक पंखा. सर शेवटच्या तासानंतर तिथे येऊन बसत. आम्ही फार बोलत नसू. काही माणसांच्या जवळ बसून वाचलं की वाचलेलं जास्त लक्षात राहतं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. माझ्यासाठी ते सर होते.

फळ्यावरच्या त्या दोन रेघा म्हणजे फ्रान्समधल्या गारोन आणि दोर्दोन्य या नद्या. त्या जिथे मिळतात तो बोर्दोचा प्रदेश, द्राक्षांच्या दारूसाठी जगभर नाव असलेला. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर एकच वाक्य होतं. ते वाक्य वाचून एका मुलीनं विचारलं होतं, "सर, थेथच काऊन होते? बाकीच्या गावात माती नाही काय?"

सर मला म्हणाले होते, "मॅडम, मी तिले म्हटलं, उद्या सांगतो. तो उद्या अजून आला नाही जी."

हे त्यांनी सांगितलं तेव्हा ती मुलगी दोन लेकरांची आई झालेली होती.

त्याच सुमारास निवृत्त झालेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याच्या घरून ग्रंथालयाला तीन पोती पुस्तकं मिळाली. त्यांत बोर्दोच्या प्रदेशावरचं एक जाड इंग्रजी पुस्तक निघालं. मुखपृष्ठ नव्हतं, कडेनं वाळवीनं खाल्लं होतं, पण मातीचे रंगीत नकाशे शाबूत होते. मी ते रद्दीत टाकायला काढलं होतं. सरांनी ते ढिगातून उचललं, उभ्या उभ्या चार पानं चाळली आणि कार्डावर नाव लिहून घरी नेलं. पुढची कितीतरी वर्षं त्या कार्डावर एकच नाव होतं.

त्यांचं इंग्रजी जेमतेम होतं. अडलं की ते पेन्सिलीनं बारीक टिंब करत आणि संध्याकाळी माझ्यापुढे पुस्तक ठेवत. मी शब्दकोश काढी. असा तो प्रदेश आम्ही दोघांनी टिंबाटिंबानं वाचला. डाव्या काठाला खडे आणि वाळू, पाणी झरझर खाली जातं, वेलीच्या मुळांना पाणी शोधत खोल जावं लागतं. उजव्या काठाला चिकण आणि चुनखडी, ओल धरून ठेवणारी. दोन नद्यांच्या मधला पट्टा तिसराच. काही कोसांच्या अंतरात द्राक्षाची जात बदलते आणि चवही बदलते, असं ते पुस्तक पानोपानी सांगत होतं.

सरांनी त्याला लगेच आपली नावं दिली. आमच्या भागात माती ओळखायला जुने शब्द आहेत. मुरूम-खड्यांची हलकी जमीन ती बरडी. काळी, चिकट, पाणी धरणारी ती कन्हार. मग वर्गात ते सांगू लागले, "डाव्या काठाले बरडी आहे, उजव्या काठाले कन्हार समजा. ही गारोन म्हणजे आपली वैनगंगा, आन ही गाढवी. फक्त नकाशात आपलं पाणी खाली जाते, त्यायचं वर जाते."

इतिहासही ते असाच सांगत. तिथल्या एका राणीनं इंग्लंडच्या होणाऱ्या राजाशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर तो सगळा मुलूख तीनशे वर्षं इंग्रजांकडे गेला, हे ते सांगायला लागले की मागच्या बाकावरून ठरलेला आवाज येई, "सर, हुंडा तर बंद आहे ना?"

"त्यायच्यात जिल्हा देत," सर शांतपणे म्हणत. "आपल्यात मोटारसायकलीवर भागते."

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दारूची पाच पायऱ्यांची यादी केली गेली, ती दलालांनी भाव पाहून केली, हे वाचल्यावर ते दोन दिवस नाराज होते. "माती पाहून नाही केली. भाव पाहून केली. सांगा आता." आमच्याकडे धानाची प्रत कशी ठरते हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे ही नाराजी परकी नव्हती.

पण त्यांचं सगळ्यात आवडतं प्रकरण वेगळंच होतं. बोर्दोच्या उत्तरेची जमीन पूर्वी दलदल होती. हॉलंडहून आलेल्या लोकांनी तिथे चर खणून पाणी काढलं, तेव्हा खाली दडलेले खड्यांचे उंचवटे उघडे पडले आणि त्यांवर वेली लागल्या. सरांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवलं, बोड्या म्हणजे लहान तळी बांधली, त्यांना मातीच्या पाळी घातल्या. अडवलेलं पाणी काढून टाकून कुणाचं भलं होऊ शकतं, ही गोष्ट त्यांना एखाद्या चमत्कारासारखी वाटे. ते पान त्यांनी मला चारदा वाचून दाखवायला लावलं.

"पाणी काढून टाकलं," ते म्हणत. "हातानं. आन पश्चात्ताप नाही."

एका पालकानं तक्रार केली. मास्तर मुलांना दारूचा भूगोल शिकवतात. मुख्याध्यापकांनी बोलावलं. सर गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हटलं, मी पाणी शिकवतो. त्याची दारू केली तर त्यायनं केली."

त्यांनी स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. मोहाचीही नाही. त्यांच्या गावच्या बाजूला, प्रतापगडाच्या डोंगराखाली, चैतात मोहाचा वास सुटला की ते रुमाल नाकाला लावत आणि म्हणत, "डोकं दुखते जी." द्राक्षंसुद्धा त्यांनी बाजारातली, लाकडी पेटीतली तेवढीच पाहिली होती. वेलीवरचं द्राक्ष पाहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. सगळे गेल्यावर सर ग्रंथालयात आले. पुस्तक परत करायला आले असं मला वाटलं. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात त्यावरून काढला नाही.

"मॅडम, इतकी वर्षं मी पोरायले सांगतलं, एकाच वेलीची चव माती बदलली की बदलते. मी कोठी पाहिलं?"

"पुस्तकात आहे सर."

"पुस्तकात तर आहे." त्यांनी पुस्तकावर बोट टेकवलं. "पण मी पोरायले सांगतलं ना. पुस्तकानं नाही सांगतलं."

त्यांच्या वाट्याच्या शेतात उताराचा एक पट्टा होता. वर बरडी, खाली कन्हार, मध्ये जेमतेम चाळीस पावलं. वरच्या अंगाला आजोबांनी बांधलेली बोडी. त्या पट्ट्यात दोन ओळी लावायच्या, एक वर आणि एक खाली. एकाच वेलीची कलमं, तीच छाटणी, तेच खत. फळं आली की चाखायची. चव वेगळी निघाली तर इतकी वर्षं सांगितलेलं खरं. नाही निघाली तर?

"तर मंग मी खोटं शिकवलं. ते तरी माहीत झालं पायजे."

त्यांचा एक जुना विद्यार्थी नाशिककडे एका बागेत कामाला होता. त्यानं काळ्या जातीची चोवीस कलमं पोत्यात बांधून गाडीनं पाठवली आणि फोनवर तासभर सूचना दिल्या. सरांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. गावात बातमी पसरली की मास्तर आता भट्टी लावणार. चौकात लोक विचारू लागले, "सर, परमिट काढलं का?" सर म्हणत, "अर्ज केला आहे. तुमचं नाव साक्षीदार म्हणून टाकलं."

फेब्रुवारीत कलमं लागली. बारा वर, बारा खाली. उन्हाळाभर सरांनी मडक्यानं पाणी घातलं. मी मे महिन्यात पाहायला गेले तेव्हा वेली गुडघ्याएवढ्या होत्या आणि सर त्यांच्यापेक्षा जास्त उन्हानं रापले होते.

जुलैत त्यांचा फोन आला. "मॅडम, या. हसाले या."

मी बसनं गेले. पावसानं उघडीप दिली होती. खालच्या ओळीच्या प्रत्येक वेलीभोवती वीतभर उंचीची, चोपून गुळगुळीत केलेली, सुरेख मातीची पाळ होती. धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, घालतात तशी. आणि प्रत्येक पाळीच्या आत घोटाभर पाणी, त्यात मधोमध वेल. बारा छोट्या बोड्या. सर कुदळीवर हात ठेवून शेजारी उभे होते.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच केलं ना. पाऊस येऊन राहिला होता, मी बांध घालून राहिलो होतो. डोकं म्हणे, अरे पाणी जाऊ दे. हात आयकतच नव्हता." त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "डोकं बोर्दोत, हात मोरगावात."

मग आम्ही दोघंही हसलो, पाणी खाली जाईपर्यंत. त्यांनी एकेका पाळीला कुदळीचा घाव घातला. मी पाहत होते. ते कुदळ उचलत, थांबत, मग मारत. दुसऱ्याच्या दाराची कडी काढावी तसे. चार वेली तरीही कुजल्या. खालच्या ओळीत आठ राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यात खरी अडचण कळली. बांध नसूनही खालच्या वेलींची पानं पिवळी पडू लागली. बोडीचा पाझर त्या पट्ट्याखालून जात होता. विद्यार्थ्यानं फोनवर सांगितलं की मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, वेलींच्या वरच्या अंगाला चर खणा आणि पाणी बाहेर काढा. सर म्हणाले, ठीक. आणि मग आठ दिवस काहीच केलं नाही.

कारण तो पाझर त्यांचा नव्हता. तो खाली त्यांच्या चुलतभावाच्या पहिल्या बांधीत जात होता. हा चुलतभाऊ सरांहून पाच वर्षांनी मोठा. सर त्याला दादा म्हणत. शाळा चौथीपर्यंत, शेती पक्की, तोंड फटकळ. बोडीच्या पाण्याचा हिस्सा दोघांचा होता, आणि त्या घराण्यात पाण्याचा शब्द घरात किंवा ओसरीवर देत नाहीत. पाळीवर बसून द्यावा लागतो, पाणी समोर ठेवून. पाण्यापुढे खोटं बोलवत नाही म्हणतात.

सरांनी मला साक्षीला बोलावलं. मी पुस्तक घेऊन गेले, कारण त्यांनीच सांगितलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिघं पाळीवर बसलो. समोर बोडी भरलेली, पलीकडे डोंगर.

सरांनी पुस्तक उघडून हॉलंडच्या लोकांनी खणलेल्या चरांचा नकाशा दाखवला. दादांनी तो लांब धरून पाहिला.

"हे कोण होत?"

"डच लोक होत, दादा. त्यायनं पाणी काढलं."

"आपले पाहुणे होत काय?"

"नाही."

"त्यायच्यात धान होते काय?"

"नाही होत."

"मंग तेच म्हणतो ना मी!" दादांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "चार अंगुराच्या पायी माहा पाझर तोडतेस काय? तू मास्तर झालास, पण कास्तकार काही झाला नाहीस गा."

सर पाण्याकडे पाहत बसले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, त्यांना एवढंच पाहायचं आहे की दोन मातींची चव वेगळी लागते का. खालची ओळ मेली तर ते कधीच कळणार नाही."

"कळून का करते?"

"इतकी वर्षं सांगतलं मी," सर म्हणाले. "हजारभर पोरायले. खरं होतं का खोटं, एवढं पाहाचं आहे. बाकी मले अंगूर विकाचे नाहीत."

दादांनी बोडीत एक खडा टाकला. लाटा काठाला येईपर्यंत त्या पाहिल्या.

"चव तर वेगळी राहतेच," ते म्हणाले. "बरडीचा धान आन कन्हारीचा धान सारखा लागते काय? याले पुस्तक कायले पायजे?"

"धानाचं मले माहीत आहे. अंगुराचं नाही."

"हट्टी आहेस."

"आहो."

शब्द दिला तो असा. चर खणायचा, पण त्याचं तोंड दादांच्या पऱ्ह्यांच्या वाफ्यात उघडायचं, जिथे धानाची रोपं वाढतात आणि पाणी आधी लागतं. म्हणजे पाझर जाईल, पण वाया जाणार नाही. आणि चराचा उतार दादा स्वतः काढणार. "तुह्या हातावर भरवसा नाही. तू आणखी एक बोडी करून ठेवशीन."

तीन दिवस दोन म्हातारे चर खणत होते. दादा पुढे, सर मागे. मी शनिवारी गेले तेव्हा काम संपलं होतं आणि दोघं चहा पीत होते. चरातून पाणी वाहत होतं. सर वाकून त्याचा आवाज ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मुलांचे पेपर तपासून झाल्यावर येतो तसा थकवा आणि समाधान होतं. पानं महिन्याभरात हिरवी झाली.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात छाटणी झाली आणि घड दिसले. वरच्या ओळीला थोडे, लहान. खालच्या ओळीला जास्त, लांब. सर रोज सकाळी मोजत नसत, फक्त पाहत. पोपटांसाठी त्यांच्या पत्नीच्या दोन जुन्या साड्या ओळींवरून ताणल्या होत्या. एक निळी, एक लिंबू रंगाची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं कुणी शेतात लग्नाचा मांडव घातला आहे.

डिसेंबरात त्यांना ताप आला आणि उतरेना. गोंदियाच्या दवाखान्यात आठ दिवस राहून ते जवळच मुर्रीला मुलीकडे आले. छातीत पाणी झालं होतं. हे मला सांगताना ते म्हणाले, "पाहा मॅडम, आखरीले मलेही चर खणावा लागला." मी त्यावर हसले नाही तेव्हा ते म्हणाले, "हसा जी. बरा विनोद होता."

मुर्रीला मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मकरसंक्रांत झाली होती. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बोलताना मध्ये थांबत होते. नाशिकच्या विद्यार्थ्यानं त्यांना एक शब्द शिकवला होता. मणी कडक हिरवा असतो, तो मऊ व्हायला आणि रंग धरायला लागला की बागायतदार म्हणतात, मण्यात पाणी उतरलं.

"दादाले फोन केला होता," सर म्हणाले. "म्हटलं, पाणी उतरलं का? थो म्हणे, कोठी? बोडीत तर कमरेएवढं आहे." ते हसले आणि खोकले. मग त्यांनी माझा हात नव्हे, माझ्या मांडीवरची पर्स चापटली, जणू वर्गातलं टेबल. "तोडाल तेव्हा तुम्ही चाखा. डोळे मिटून. आन लिहून ठेवा. चांगलं कोणतं ते लिहू नका. वेगळं आहे का सारखं, एवढंच."

"तुम्हीच चाखाल सर."

"मी तर चाखीनच. पण माहा काय भरवसा? मले वेगळंच लागन." त्यांनी डोळे मिटले. "मी उत्तर ठरवून बसलेला माणूस आहो."

त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. सकाळी, चहाच्या आधी. मुलीनं फोन केला तेव्हा मी ग्रंथालयाचं कुलूप उघडत होते. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. शाळेला सुट्टी दिली गेली, मुलं आनंदानं घरी पळाली, आणि ते मला चुकीचं वाटलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला दादांचा फोन आला. त्यांनी मला फोन करण्याची ती पहिलीच वेळ. "म्याडम, हे काळे झाले. पाखरं साडीच्या आत शिरून राहिले. केव्हा तोडाचे, त्या पुस्तकात असन ना?"

पुस्तकात होतं, पण फ्रान्सच्या हिशेबानं. मी रविवारी गेले.

दोन्ही साड्या दादांनी नीट गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या. वरच्या ओळीत मूठभर घड, मणी वाटाण्याएवढे, वर धुरकट साय धरलेली. खालच्या ओळीत भरघोस, टपोरे. मी एक वही नेली होती. सांगितलेलं सगळं मी तसंच करणार होते. डोळे मिटले आणि दादांना म्हटलं, "एकेक मणी द्या. कोणता कुठला ते सांगू नका."

त्यांनी माझ्या तळहातावर एक मणी ठेवला. मी खाल्ला. मग दुसरा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. गोड, थोडा तुरट, जाड साल. दुसरा गोड, थोडा तुरट, जाड साल. मी जिभेला विचारत राहिले आणि जीभ काही सांगेना. आयुष्य पुस्तकांच्या धुळीत काढलेलं नाक आणि जीभ, त्यांच्याकडून मी काय अपेक्षा करत होते कोण जाणे. माझ्या मनात आलं, 'वेगळं' असं लिहावं. कोण विचारणार आहे? मी पेन उघडलं आणि तसंच धरून राहिले. शेवटी लिहिलं, 'सारखं.' त्याखाली तारीख घातली.

"काय लिवलं?" दादांनी विचारलं.

मी वही दाखवली. त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग म्हणाले, "मले द्या."

त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला, बांधावर बसले, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. पासष्टीच्या पुढचा माणूस, पांढरी खुरटी दाढी, लहान मुलासारखा तोंड उघडून बसलेला. मी एका ओळीतला मणी त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी चावला नाही, आधी टाळूला दाबला. मग चावला. बी बाजूला थुंकली. दुसरा दिला. तोही तसाच. वरच्या अंगाला चरात पाझर वाहत होता, तेवढाच आवाज.

"म्याडम, तुमाले समजलं नाही," ते डोळे न उघडता म्हणाले. पहिल्या मण्यासाठी त्यांनी एक हात वर केला, दुसऱ्यासाठी दुसरा. "यानं तहान काढली आहे. आन हे पोटभर पेलं आहे."

पहिला मणी बरडीचा होता.

मी त्यांना आणखी तीनदा दिला, उलटसुलट करून. तिन्ही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग डोळे.

"धानाचं बोललो होतो मी. अंगुराचं मलेही कोठी माहीत होतं?" ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं होतं. थो मात्र बसला खोदत."

वहीत मी माझी ओळ खोडली नाही. तिच्याखाली दादांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि त्यांची सही घेतली. सही करताना त्यांनी विचारलं, नाव पूर्ण लिहू का? मी म्हटलं, पूर्ण लिहा.

मग त्यांनी दोन्ही ओळींतले दोन-दोन घड तोडले. दुपट्टा बांधावर पसरला. बरडीचे घड एका टोकाला ठेवून गाठ मारली. कन्हारीचे दुसऱ्या टोकाला ठेवून दुसरी गाठ मारली. गाठी ओढून पाहिल्या.

"घरी नेतो," ते म्हणाले. "सूनबाईले देतो आन आमच्या बुढीले. कोणतं कोठचं, सांगणार नाही आधी. पाहू काय म्हणतेत."

दुपट्टा त्यांनी खांद्यावर टाकला, एक गाठ पुढे, एक पाठीमागे, आणि बोडीच्या पाळीवरून ते घराकडे निघाले. मधेच थांबून त्यांनी पुढची गाठ हातानं धरली, चालताना तिला धक्का लागू नये म्हणून.